राखून ठेवलेला गुडघा

नसरापूरच्या बाजाराच्या दिवशी मी एका भुसार व्यापाऱ्याच्या ओट्यावर बसत असे. बाकीचे दिवस भोरातल्या माझ्या खासगी दवाखान्यात. त्या ओट्याला चार पायऱ्या होत्या, आणि गुडघ्यांविषयी वैद्यकाच्या शाळेत शिकलो नाही इतकं मी त्या चार पायऱ्यांपाशी शिकलो. रोगी वर चढून यायचा तेव्हा मी त्याच्याकडे फारसं बघत नसे. तो पोट दुखतंय म्हणायचा, मी जीभ बघायचो, पुडी बांधून द्यायचो. माझी खरी तपासणी तो परत निघाला की सुरू व्हायची. ज्याचा गुडघा झिजलाय तो पायऱ्या सरळ उतरत नाही. आडवा होतो, एक हात खांबाला लावतो आणि दोन्ही पाय एकाच पायरीवर टेकवत, दम घेत खाली जातो. चढण्यापेक्षा उतरणं जास्त दुखतं. मग मी त्याला हाक मारून परत बोलवायचो. "डाक्टर, पोटाचं झालं की समदं," असं तो वैतागून म्हणायचा, कारण त्याला त्या पायऱ्या पुन्हा चढाव्या आणि उतराव्या लागायच्या.

लेख मागणाऱ्या मंडळींना माझ्याकडून बिबट्यानं फाडलेली माणसं आणि सर्पदंश हवे होते. तेही पाहिले. पण भोर आणि वेल्ह्याच्या मुलखात तीस वर्षं काढल्यावर, आता घरी स्वस्थ बसलो की मला गुडघेच आठवतात. त्यातलाही एक फार आठवतो. गुडघ्यानं कुणी मरत नाही, असं तेव्हा सगळे धरून चालायचे. मीसुद्धा.

हा आजार असतो तरी काय, हे आधी सांगतो. मांडीचं हाड खाली येतं आणि नडगीचं हाड वर येतं, त्यांची गाठ म्हणजे गुडघा. समोर वाटी. दोन्ही हाडांच्या टोकांवर पांढरं, गुळगुळीत, ओलसर असं एक आवरण असतं, आणि मधे अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या. थोडं चिकट पाणी वंगणाचं काम करतं. वय झालं, वजन वाढलं, डोंगर चढणं-उतरणं आणि उकिडवं बसणं जन्मभर झालं, की ते आवरण आधी खरबरीत होतं, मग त्याला भेगा पडतात, मग जागोजाग ते निघून जातं. गाद्या चिंध्या होतात. हाडावर हाड घासू लागतं आणि घासून घासून उंबऱ्यासारखं चकाकतं. बहुधा आतल्या बाजूची झीज जास्त होते, म्हणून पाय बाहेरच्या अंगाला कमानतात आणि माणूस डुलत चालतो. गंमत अशी, की जे पाहिजे ते पुन्हा येत नाही, पण हाडाच्या कडांना नको तिथं कोंब फुटतात. बाहेरून बोटांना ते गाठींसारखे लागतात. कधी आतलं अस्तर चिडतं, पाणी जास्त सुटतं आणि गुडघा फुगतो. लोक म्हणायचे, वारा भरला.

माझ्याकडे येण्याआधी गुडघ्यावर सगळे प्रयोग झालेले असत. निर्गुडीचा पाला, रुईचं पान, बिब्बा. बिब्ब्यानं कातडी उतून आलेले पाय मी किती धुतले असतील! शिवऱ्याच्या एका बाप्याच्या दोन्ही गुडघ्यांवर तापल्या विळ्याचे सात-सात डाग होते. आराम पडला का विचारलं तर म्हणाला, "पडला की. भाजल्यालं बरं हुईस्तवर गुडग्याची याद आली न्हाई." मी तरी कोणतं अमृत देत होतो? पोटात घ्यायला एक कडू मिक्श्चर, चोळायला उग्र वासाचं तेल, शेकायला सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, विश्रांती घ्या. हे शेवटचं औषध मी फार सढळ हातानं देत होतो.

बायकांच्या गुडघ्याची तर वेगळीच तऱ्हा. आषाढात भाताच्या लावणीला हीच बाई मांडीपर्यंत कासोटा खोवून, अख्ख्या गावादेखत दिवसभर चिखलात वाकलेली असायची. त्यात कुणाला काही वाटत नसे. पण ओट्यावर डॉक्टरापुढे बसली की लुगडं घोट्याच्या वर सरकायचं नाही. गुडघा दाखवायला ती नवऱ्याला पुढे करायची आणि तो स्वतःचा धडधाकट गुडघा उघडा करून, "हिचं हितं दुखतंय बगा," म्हणत स्वतःला दाबून दाखवायचा.

या कारभाराला कंटाळून मी दोन बरण्या तयार केल्या. भोरच्या खाटकाकडून कोवळ्या बकऱ्याचा गुडघा आणला. दुसरा एका धनगरानं दिला. त्याची म्हातारी मेंढी लंगडत होती, ती कापल्यावर माझ्यासाठी तो सांधा पानात बांधून घेऊन आला. मी सांधा उघडून त्याला झीज दाखवली तेव्हा तो हसला. "आमाला ठावं हाय ह्ये," म्हणाला. "मेंढरू असं कराया लागलं की आमी इकतो. आईला कुठं इकायची?" औषधात बुडवलेले ते दोन सांधे मी पत्र्याच्या पेटीतून बाजाराला नेऊ लागलो. रोग्याला पुढे बसवून समजावून द्यायचो. हा कोवळा, हा झिजलेला. लोक तोंडाला पदर लावून बघायचे. असं समजावून सांगणारा डॉक्टर या मुलखात दुसरा नाही, याचा मला फार अभिमान होता.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. माघ महिना होता. पालीच्या ठकूबाई ओट्यावर आल्या. पाली म्हणजे राजगडाच्या पायथ्याचं गाव. ठकूबाई तिथल्या सुईण. शेतकऱ्याघरच्या, विधवा, वय पंचावन्नच्या आसपास. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची दोन पिढ्यांची बाळंतपणं त्यांच्या हातची. डोंगर उतरून-चढून जायचं आणि तिथं तासन् तास उकिडवं बसायचं, हा धंदा. गुडघ्याचं काय होणार ते उघड होतं.

त्या विधवा आहेत हे तेव्हा ठाऊक नसल्यानं मी सवयीनं नवरा कुठे आहे ते शोधत होतो, तेवढ्यात बाईंनी सरळ लुगडं वर घेतलं. "म्या साऱ्या मुलखाचं बगितलंया, माझा गुडगा बगायला लाज कसली?" म्हणाल्या. उजवा गुडघा चांगला जाड झालेला, आतल्या अंगाला दुखरा, वाकवताना हाताला करकर लागत होती. पण पूर्ण सरळ होत होता आणि मांडी भरलेली होती, एखाद्या गड्यासारखी. हे मी तेव्हा पाहिलं आणि त्याचा विचार केला नाही.

मी बरण्या काढल्या. ठकूबाईंनी विचारलं, "हात लावू का?" आजवर असं कुणीच विचारलं नव्हतं. मी दोन्ही सांधे ताटलीत काढून दिले. त्यांनी डोळे मिटले आणि आंगठ्यानं चाचपून पाहिलं. आधी कोवळा, मग म्हातारा. जन्मभर न दिसणाऱ्या गोष्टी बोटांनी ओळखलेली बाई ती. मी सांगायच्या आधीच तिला सगळं कळलं होतं.

"ह्ये वरचं गुळगुळीत पुन्यांदा उगवतं का?"

"नाही. गेलं ते गेलं."

कडेची गाठ आंगठ्याखाली धरून त्या म्हणाल्या, "मंग ह्ये काय उगवलंया?"

"ते नको ते उगवतं. पाहिजे ते उगवत नाही."

"म्हंजे जेवढं चालू तेवढं सरत जानार."

"तसंच," मी म्हणालो. आणि वर माझं नेहमीचं जोडून दिलं, "आता जरा विश्रांती घ्या, ठकूबाई. जपून वापरा."

त्यांनी आणखी एक विचारलं. त्यांची एकुलती लेक सोना वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावरच्या एका वाडीत दिली होती. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं. मूल पोटात आडवं होतं. ठकूबाईंनी तेल लावून, बाहेरूनच, वेणांच्या मधे मधे थांबत ते फिरवलं आणि दोघं जगली. आता सोनाला पुन्हा दिवस गेले होते, तिसरा सरत होता. दुसरं बाळंतपण सासरी. तिथल्या सासूला मूल फिरवायचं ठाऊक नव्हतं. सोना निरोपावर निरोप पाठवत होती, आये, तू आलीस तरच मी वाचते. "सरावनात त्यो डोंगर चढायचा हाय," ठकूबाई म्हणाल्या. "तवर टिकंल का ह्यो गुडगा?"

"जपलात तर टिकेल की," मी म्हणालो. मला मागे थांबलेल्या रोग्याची घाई होती.

त्यानंतर त्या दिसल्या त्या भाद्रपदात. बैलगाडीतून आल्या. गाडी ओट्याला लागली तरी खाली उतरल्या नाहीत. दीर बरोबर होते, ते म्हणाले, "तिला उतरता येत न्हाई, तुमीच या." मी गाडीत चढलो. उजवा पाय गुडघ्यात अर्धा वाकलेला होता आणि सरळ होत नव्हता. मी हात लावला तर सांधा लाकडासारखा. पण मला धक्का बसला तो मांडीचा. माघात भरलेली ती मांडी आता माझ्या दोन पंजांत मावत होती. कातडी लोंबत होती. गुडघ्याला धरून ठेवणारा सगळा जोर त्या मांडीत असतो. तोच गेला होता.

"हे काय झालं? पडलात कुठे?"

"पडंन कशी? उठलेच न्हाई," त्या म्हणाल्या. "राखला म्या त्याला."

मग त्यांनी सांगितलं. माघातल्या त्या दिवशी घरी गेल्या त्या बसल्या. पाण्याला गेल्या नाहीत, देवाला गेल्या नाहीत, भाताच्या रोपांसाठी राब भाजायला गेल्या नाहीत. गावातल्याच दोन बाळंतिणींकडून बोलावणं आलं, त्यांनाही नाही म्हणाल्या. लावणीच्या दिवसांत, घरातलं शेंबडं पोरही चिखलात असताना, त्या ओसरीवर पाय उशीवर ठेवून बसून राहिल्या. जावेनं नाही नाही ते सुनावलं. "राणी झालीया," म्हणाली. ठकूबाईंनी उलट शब्द काढला नाही. जितकी पावलं अंगात उरली होती ती सगळी त्या एका डोंगरासाठी ठेवायची होती. पुन्हा उगवत नाही, असं मीच सांगितलं होतं ना!

नागपंचमी झाली की निघायचं आणि बाळंतपणापर्यंत लेकीजवळ राहायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी उठल्या आणि पाय उघडला नाही. त्यांना वाटलं, बसून आखडलाय, चोळला की सुटेल. रोज तेल लावून चोळत राहिल्या. दीर म्हणाले, झोळीतून नेतो. त्या भागात घोंगडीला बांबू घालून झोळी करतात, पण ती आजाऱ्याला नाहीतर मेलेल्याला. ठकूबाई ऐकेनात. भरल्या दिवसांच्या बाईच्या दारात झोळी कशी न्यायची? सुईणीनं पायांनी चालत गेलं पाहिजे. असे आठ दिवस गेले आणि वाडीवरून माणूस धावत आला, की सोनाच्या पोटात कळा सुरू झाल्यात आणि पोर आडवं आहे.

मग झोळीत बसल्या. चार गडी होते. मधल्या ओढ्याला पाणी चढलेलं होतं, ते उतरायची वाट बघत अर्धा दिवस काठावर गेला. पोचल्या तेव्हा सोना गेली होती.

"म्या पोटाला हात लावून बगितला," ठकूबाई म्हणाल्या. "आडवंच व्हतं. लई न्हाई, जरासंच. म्या फिरवलं असतं."

बाजाराचा गलबला चालू होता. दीर बैलांकडे तोंड करून उभे होते. ठकूबाई माझ्याकडे बघत होत्या. रडत नव्हत्या, मला दोषही देत नव्हत्या. त्यांना एकच विचारायचं होतं, आणि त्यासाठीच त्या सबंध रस्ता हिसके खात आल्या होत्या.

"डाक्टर, खरं सांगा. म्या रोजच्यासारखी चालत ऱ्हायले असते, तर पोचले असते का?"

उत्तर मला ठाऊक होतं. माघातला तो गुडघा दुखत होता, पण चालता होता. आणखी पाच-सात वर्षं तरी त्यानं डोंगर चढला असता, कुरकुरत का होईना. झिजलेल्या सांध्यालाही हालचाल लागते. बसवून ठेवला तर तो आखडतो आणि मांडी वाळते. हे माझ्या पुस्तकातही छापलेलं होतं. झिजेची पानं मी पाठ केली होती आणि तेवढं पान घाईनं उलटलं होतं. दुखऱ्या गुडघ्यानंही ती बाई पंचमीला लेकीच्या दारात पोचली असती.

"नाही," मी म्हणालो. "गुडघा जायचाच होता. तुमचा काही दोष नाही."

त्यांनी डोळे मिटले. चेहरा जरा सैलावला. "मंग ठीक," म्हणाल्या. दिरांनी गाडी वळवली. मी ओट्यावर येऊन पुढचा रोगी घेतला. मी दयेनं खोटं बोललो, अशी समजूत करून घेतली आणि त्या रात्री नीट जेवलोही. दया कुणावर केली, हे मात्र स्वतःला विचारलं नाही.

पुढच्या वैशाखात पालीच्या बाजूची एक बाई ओट्यावर आली. चाळिशीची असेल. गुडघा थोडासाच झिजलेला, पण दोन्ही मांड्या वाळलेल्या. महिनाभरानं दुसरी, मग तिसरी. तिसरीला मी विचारलं, किती दिवस बसून आहात?

"संक्रांतीपासनं," ती म्हणाली. "ठकूबाईनं सांगितलंया. हालायचं न्हाई, राखून ठेवायचा. तुमीच न्हवं का तिला त्ये मेंढराचं हाड दावलं?"

ठकूबाईंना आता कुठे जाता येत नव्हतं, पण त्या ओसरीवर बसलेल्या असत आणि गुडघ्याच्या बायका त्यांच्याकडे येत. मी सांगितलं ते त्या शब्द न बदलता सगळ्यांना सांगत होत्या. कोवळं हाड, झिजलेलं हाड, पुन्हा उगवत नाही. त्यांचा स्वतःचा गुडघा गेला तो राखायला उशीर झाला म्हणून, अशी त्यांची समजूत होती, आणि ती समजूत मी त्यांना गाडीत बसून दिली होती. दुसऱ्या बायांचं तसं होऊ नये म्हणून त्या त्यांना लवकर बसवत होत्या. मला शरम वाटली, आणि भीतीही वाटली. किती घरांत किती बायका अशा पाय लांब करून बसल्या असतील, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी तट्टू घेतलं आणि पालीला गेलो. दुपारची वेळ होती. ठकूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला. जावेला हाक मारून त्यांनी पाणी मागवलं. मी पाणी प्यालो नाही. घोंगडीवर त्यांच्यासमोर बसलो आणि सांगितलं, "ठकूबाई, मी तुमच्याशी खोटं बोललो."

सगळं सांगितलं. मांडीचं, आखडण्याचं, माघातला गुडघा कसा होता त्याचं. मी अर्धवट समजावलं, तुम्ही ते पुरतं पाळलं. ठकूबाईंची बोटं तांदळात थांबली होती.

"म्हंजे पोचले असते," त्या म्हणाल्या.

"हो."

"पंचमीलाच?"

"हो."

त्यांनी सूप बाजूला सारलं. भिंतीशी टेकवलेली काठी जवळ ओढली, खांबाला धरलं आणि उठल्या. वाकडा पाय टेकवताना तोंडातून आवाज निघाला. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. ओसरीवरून अंगणात उतरल्या, आडव्या होऊन, आणि चालू लागल्या. अंगणाच्या त्या टोकाला गेल्या, वळल्या, परत आल्या. पुन्हा गेल्या. गुडघ्याची करकर मला बसल्या जागी ऐकू येत होती. जाऊ बाहेर आली, "अगं बया, पडशील, बस की खाली!" म्हणून ओरडू लागली. ठकूबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. घामानं चोळी भिजली, ओठ दातांखाली धरलेला, तरी फेऱ्या चालूच होत्या. थांबा म्हणायचा अधिकार मला नव्हता.

शेवटी मी उठलो. त्या बायकांची नावं मला सांगा, मी घरोघर जाऊन समजावतो, म्हणालो.

ठकूबाई थांबल्या नाहीत. पलीकडच्या टोकाला पोचून वळता वळता म्हणाल्या, "त्यास्नी म्या सांगंन, चालत जाऊन. तुमी आता कुनाला काय सांगू नगा."